व्हॅम्पायर ठीक आहे, पण घरातली माणसं कुठं गेली?

सोलापूरच्या नवी पेठेत पुस्तकाच्या दुकानात ‘यंग ॲडल्ट’च्या, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या कप्प्यासमोर उभं राहिलं की पाच मिनिटांत डोळे दमतात. काळी मुखपृष्ठं, चंदेरी अक्षरं, कुठे मुकुट, कुठे खंजीर, कुठे कावळा. मलपृष्ठ वाचावं तर तिथेही तेच: सतरा वर्षांची मुलगी, तिला स्वतःलाच ठाऊक नसलेली शक्ती, देखणा पण धोकादायक मुलगा आणि बुडायला टेकलेलं जग. किंमत साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत. त्यातलं एक उचलून घरी न्यावं आणि ऐंशीव्या पानावर ते उशाशी पालथं पडून राहावं, हे नेहमीचंच.

या कादंबऱ्या पारखायला माझी एक साधी कसोटी आहे. पहिली पन्नास पानं चाळायची आणि बघायचं, रात्री नऊ वाजता नायिका घराबाहेर पडते तेव्हा ‘कुठं निघालीस गं?’ असं तिला कोण विचारतं. विचारणारं कोणीच नसेल तर ते का नाही, याचं लेखकाकडे काय उत्तर आहे? या एका प्रश्नावर निम्मा कप्पा गळून पडतो.

होटगी रोडवरचा फ्लॅट असो की अशोक चौकाच्या मागची चाळ, सोलापुरात हा प्रश्न चुकत नाही. आई विचारते, शेजारची मावशी विचारते, कोपऱ्यावरचा किराणावालाही विचारतो. इंग्रजी पॅरानॉर्मल, म्हणजे भुताखेतांची, अमानवी शक्तींची कादंबरी मात्र सगळ्यात आधी घर रिकामं करते. आईवडील अपघातात गेलेले, नाहीतर घटस्फोट होऊन दूरच्या गावी, नाहीतर मुलगी वसतिगृहाच्या शाळेत. कारण उघड आहे. सतराव्या वर्षी जग वाचवायचं तर निर्णय मुलीनेच घ्यायला हवेत आणि मोठी माणसं घरात असली की निर्णय तीच घेतात. लेखकाची अडचण समजते. पण घर रिकामं केलं की भुताने घाबरवावं असं कोणी उरत नाही. मराठी भयकथेचं भूत माजघरात, माळ्यावर, परसातल्या विहिरीत असतं आणि आजीला त्याबद्दल काहीतरी ठाऊक असतं, पण ती सांगत नाही. भीती तिथून येते. मोकळ्या घरात भूत आलं काय नि गेलं काय.

या कसोटीवर ‘ट्वायलाइट’ लावून बघा, कारण या कप्प्याची आजची गर्दी त्याच पुस्तकानंतरची. स्टेफनी मेयरची ही मालिका चार भागांची: २००५, २००६, २००७ आणि २००८. त्याच गोष्टीची नायकाच्या बाजूने सांगितलेली आवृत्ती २०२० साली आली. ती सगळ्यात शेवटी वाचायची, किंवा वाचायचीच नाही. बेला सतरा वर्षांची. आई दुसरं लग्न करून नवऱ्याबरोबर फिरतीवर, आणि बेला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. वडील चार्ली तिथले पोलीस प्रमुख. सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारा, फार न बोलणारा, मुलीने रांधलेलं मुकाट जेवणारा बाप. लोक एडवर्ड या व्हॅम्पायर नायकावर भांडतात, मला या पुस्तकात चार्ली आवडतो. मुलगी रात्री गुपचूप गाडी काढून जाईल असा त्याला संशय येतो, तेव्हा तो काय करतो? तिच्या ट्रकच्या बॅटरीच्या वायरी काढून ठेवतो आणि सकाळी कामावर जाण्याआधी परत जोडून देतो. भाषण नाही, आरडाओरडा नाही. आपल्याकडे बाप स्कूटीची किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालून झोपतो, तोच हा प्रकार. आख्ख्या पुस्तकात एवढं खरं दुसरं काही नाही.

आणि नेमकी तिथेच मेयरबाई गोष्ट सोडून देतात. नायक त्या वायरींची चेष्टा करतो, कारण तो तर खिडकीतून रात्रभर आतच असतो. मुलीला न सांगता तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना बघत बसणं, हे पुस्तक प्रेम म्हणून मांडतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ही मालिका द्यायला माझी हरकत नाही. पण या एका गोष्टीवर तिच्याशी बोलायला हवं. पुस्तक लपवून ठेवलं तर ती मैत्रिणीकडून आणेल आणि मग बोलणंही होणार नाही.

नियमांच्या बाजूने मात्र पहिला भाग चोख आहे. मेयरबाईंचे व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, चमकतात. म्हणून ते सतत ढगाळ असलेल्या गावात राहतात, आणि ऊन पडेल त्या दिवशी त्यांची मुलं शाळेला दांडी मारतात. नियम एकच, पण गावाची निवड, शाळेचं हजेरीपत्रक, गावकऱ्यांचा संशय असं सगळं त्यातूनच निघतं. (सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे कुटुंब सकाळी आठलाच पकडलं गेलं असतं.) तिसऱ्या-चौथ्या भागात नियम लेखिकेच्या सोयीने वाकायला लागतात आणि पानं वाढत जातात.

दुसरा भाग ‘न्यू मून’ घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्येच काही पानांवर फक्त महिन्याचं नाव छापलेलं आहे, ऑक्टोबर ते जानेवारी, बाकी पान कोरं. ही छपाईची चूक नाही. नायिकेचे ते चार महिने कोरे गेले, असं लेखिकेला दाखवायचं आहे. पुस्तक बदलून मागायला दुकानात जाऊ नका.

घर भरलेलं ठेवूनही पॅरानॉर्मल लिहिता येतं, हे बघायचं तर मॅगी स्टीव्हॉटरची ‘द रेव्हन बॉइज’ घ्या. २०१२ ते २०१६ दरम्यान चार भागांत पूर्ण झालेली मालिका. नायिका ब्लू, आणि तिचं घर म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बायकांचा वाडाच. आई, आईच्या मैत्रिणी, मावशी, चुलत बहीण. फोनवरून भविष्य विचारणारे लोक वेगळेच, स्वयंपाकघरात पत्ते मांडलेले, न्हाणीघरापुढे रांग, आणि प्रत्येकीला दुसरीच्या भानगडीत नाक खुपसायची सवय. वाचताना आपल्याकडच्या लग्नघराची आठवण यावी इतका गजबजाट. घरात सगळ्यांना दिव्यदृष्टी, फक्त ब्लूला नाही. ती जवळ असली की इतरांची शक्ती वाढते, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं. घरातल्या प्रत्येकीने तिला लहानपणापासून एकच बजावलेलं: ज्याच्यावर खरं प्रेम करशील त्याचं चुंबन घेतलंस तर तो मरेल.

सुरुवातीचा प्रसंग बघा. २४ एप्रिलची रात्र, सेंट मार्कच्या सणाची पूर्वसंध्या. पुढच्या बारा महिन्यांत जे मरणार त्यांचे आत्मे पडक्या चर्चमधून चालत जातात. मावशी त्यांना नावं विचारते आणि ब्लू थंडीत कुडकुडत ती वहीत उतरवून घेते, कारण गावातल्या गिऱ्हाइकांना ती यादी हवी असते. मृत्यूसारखी गोष्ट, पण काम कसं? शिरगणतीसारखं. भीती येते ती या रोजच्या कामकाजीपणातून. मग त्या रात्री ब्लूला पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी एक आत्मा दिसतो, तिच्याच वयाच्या मुलाचा. मावशी सांगते, याचे दोनच अर्थ: एकतर तुझं त्याच्यावर खरं प्रेम आहे, नाहीतर तू त्याला मारणार आहेस. पुढे आई स्पष्ट सांगते, त्या मुलाला भेटायचं नाही. ब्लू भेटते. आता या भेटीला वजन आहे, कारण घरात नाही म्हणणारं माणूस आहे आणि ते चुकीचंही बोलत नाही.

दोषही सांगतो. पहिली शंभर पानं संथ आहेत. वेल्श राजा, जमिनीखालून वाहणाऱ्या शक्तिरेषा, चार मुलं आणि त्यांचा खासगी शाळेतला श्रीमंती थाट यांची ओळख होईपर्यंत धीर धरावा लागतो. वाक्यं लांब, उपमा आडवळणाच्या. मराठी माध्यमातून आलेल्या नववीच्या मुलाला हे पहिलं इंग्रजी पुस्तक म्हणून देऊ नका, तो इंग्रजी कादंबरीचंच नाव टाकेल. चौथ्या भागाचा शेवटही घाईत उरकलेला वाटतो. तीन भाग जे साठवलं ते पन्नासेक पानांत मोकळं केलंय.

तिसरं पुस्तक जुनं आहे आणि आपल्याकडच्या दुकानात मागितल्याशिवाय मिळत नाही: ऑस्ट्रेलियाच्या गार्थ निक्सचं ‘सॅब्रिएल’, १९९५ सालचं. हीच ती वसतिगृहाच्या शाळेतली मुलगी, म्हणजे कसोटीवर पहिल्याच पानात नापास व्हायला हवी. पण या पुस्तकाची गोष्टच ‘वडील कुठं गेले’ ही आहे. वडिलांची तलवार आणि घंटा कोणीतरी मृत्यूपलीकडून तिच्या हातात आणून देतं, तेव्हा तिला कळतं की ते जिवंत माणसांत राहिलेले नाहीत, आणि ती शोधायला निघते. घर रिकामं आहे, पण गोष्ट त्या रिकाम्या जागेभोवतीच फिरते.

इथल्या जादूची अवजारं फार नेटकी आहेत. मेलेल्यांना उठवणारे मांत्रिक असतात. सॅब्रिएलच्या घराण्याचं काम उलटं, उठलेल्यांना परत झोपवायचं. त्यासाठी सात घंटा, छातीवरच्या पट्ट्यात चामड्याच्या कप्प्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेल्या. सगळ्यात लहान रान्ना, ती झोपवते. दुसरी मोस्राएल जागं करते, पण तिचा हिशेब तराजूसारखा: ऐकणारा जितका जीवनाकडे येतो तितका वाजवणारा मृत्यूत ढकलला जातो. किबेथ चालवते, कधीकधी वाजवणाऱ्यालाच नको तिकडे. सारानेथ बांधून ठेवते. सगळ्यात मोठी अस्तराएल. ती नीट वाजली तर ऐकणारे सगळेच्या सगळे मृत्यूत जातात, वाजवणाऱ्यासकट. संकट आलं की वाचक स्वतःच हिशेब मांडायला लागतो: आता कुठली घंटा काढेल, आणि हात थरथरला तर काय होईल? आपल्याकडे देवळात घंटा वाजवून ‘आलो’ म्हणून सांगतात. त्या आवाजाची सवय असलेल्याला हे पुस्तक जरा जास्तच लागतं.

मृत्यू म्हणजे इथे थंडगार नदी आहे, नऊ दारांची, आणि प्रत्येक दाराचा प्रवाह वेगळा. या नदीतली पानं घाईने वाचू नका. पुढचे दोन भाग, २००१ आणि २००३ सालचे, एकमेकांना जोडलेले आहेत. दुसरा घेतला तर तिसरा हाताशी ठेवा. पहिला मात्र एकटा वाचला तरी पूर्ण लागतो. इंग्रजी मध्यम, संवाद कमी, वर्णन जास्त. प्रेमप्रकरण शेवटाकडे उगवतं आणि तेही जेमतेम. ज्यांना तेच हवंय त्यांची निराशा होईल.

ली बार्डूगोची ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) आणि तिचा दुसरा भाग ‘क्रुकेड किंगडम’ (२०१६) ही जोडी मुलांना हमखास आवडते, कारण ती चोरीची गोष्ट आहे. बंदराचं शहर, सहा पोरं, अभेद्य बर्फाळ किल्ला आणि तीन कोटी क्रूगचं बक्षीस. भुतंखेतं नाहीत, पण जादूगार आहेत आणि त्यांना वेडं करणारं एक द्रव्य आहे. या सहांतल्या एकालाही विचारायला जवळ घरचं कोणी नाही. तरी हे पुस्तक कसोटीवर उतरतं, कारण प्रत्येकाचं घर कसं गेलं याचा हिशेब ते चुकता करतं. दुसऱ्या भागात एकाचा बाप शहरात येऊन उभा राहतो. पोराच्या शिक्षणासाठी शेत तारण ठेवून कर्ज काढलेला शेतकरी, आणि पोराने ते पैसे जुगारात उडवलेले. बार्शी-मोहोळकडच्या वाचकाला हा माणूस कुठल्या देशातला, हे सांगावं लागत नाही. जादूच्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त धाकधूक वाटली ती त्या बापलेकाच्या बोलण्यात.

वाचताना अडतं ते असं. प्रत्येक प्रकरणाच्या वर ते कोणाच्या नजरेतून आहे, त्याचं नाव असतं. ते नाव वाचल्याशिवाय पुढे गेलात की दहा पानांनी गोंधळ होतो. पहिलं प्रकरण तर एका भलत्याच पहारेकऱ्याचं आहे, तो पुन्हा फारसा येत नाही, त्याला नायक समजू नका. सहांपैकी पाचांच्याच नजरेची प्रकरणं पहिल्या भागात आहेत. सहाव्याची का नाहीत, ते पुढे कळतं. सुरुवातीच्या ऐंशी पानांत शहर, टोळ्या, नाणी, देश यांची नावं धो धो येतात. नकाशावर बोट ठेवून वाचा आणि लक्षात राहिली नाहीत तरी पुढे चला, कामाची नावं परत येतात. याच जगातली आधीची तीन पुस्तकं आहेत, २०१२ ते २०१४ मधली. ती वाचलीच पाहिजेत असं काही नाही. माझ्या मते ती याहून बरीच कच्ची आहेत.

अनोळखी शब्दांचं एक. पान चाळून पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक वर्षभर लांबवा, हा जुना आडाखा चांगला आहे. पण फॅन्टसीत तो लावताना लेखकाने घडवलेले शब्द मोजायचे नाहीत. ‘ग्रिशा’, ‘जुर्दा परेम’, ‘ॲबहॉर्सन’ हे कुठल्याच शब्दकोशात नाहीत. इंग्रजी कच्चं असलेली मुलं नेमकी हेच शब्द मोबाइलवर शोधत बसतात, सापडत नाहीत म्हणून खट्टू होतात, आणि आपलंच इंग्रजी वाईट असं समजून पुस्तक मिटतात. देतानाच सांगून टाका, हे शब्द इंग्रज पोरांनाही येत नाहीत.

वयाचा घोळ हा दुकानदारांनी वाढवलेला आहे. सारा जे. मासची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ साली यंग ॲडल्ट म्हणून आली आणि २०२० साली प्रौढांसाठीची म्हणून नव्या मुखपृष्ठांत काढली गेली. पुढच्या भागांतले प्रणयप्रसंग मोकळेढाकळे, उघड आहेत. रेबेका यारोसची ड्रॅगनवाली ‘फोर्थ विंग’ (२०२३) सुरुवातीपासूनच मोठ्यांची. वाईट पुस्तकं नव्हेत, मासबाईंना उत्कंठा ताणता येते. पण मुखपृष्ठावर ड्रॅगन आणि फुलंपानं बघून ही पुस्तकं सातवी-आठवीतल्यांच्या कप्प्यात जाऊन बसतात आणि घरचेही जादूची गोष्ट म्हणून घेऊन येतात. नायिका एकोणीस-वीस वर्षांची असेल आणि मलपृष्ठावर ‘रोमॅन्टसी’ (रोमान्स अधिक फॅन्टसी) हा शब्द असेल, तर ते अठरा वर्षांपुढचं समजा. मधलं कुठलंही पान उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढी दुकानातच खर्च करा.

लहानांसाठी, म्हणजे दहा ते तेरा, रिक रायर्डनची ‘पर्सी जॅक्सन’ (पाच भाग, २००५ ते २००९) अजूनही सगळ्यात सुरक्षित. वाक्यं तोकडी, विनोद भरपूर, प्रकरणं दहा-बारा मिनिटांत संपणारी. पर्सीची आई मिठाईच्या दुकानात काम करते, पोरासाठी खमकी उभी राहते, म्हणजे आमच्या कसोटीवरही पास. रोशनी चोक्शीची ‘अरू शाह’ (पहिला भाग २०१८, एकूण पाच) महाभारतावर उभी आहे: बारा वर्षांची मुलगी संग्रहालयात नको तो दिवा लावते आणि पांडवांचे नवे अवतार शोधायची पाळी येते. कल्पना झकास. अडचण अशी की आपल्या वाचकाला भीम कोण, अर्जुन कोण हे आधीच माहीत असतं आणि पुस्तक अमेरिकेतल्या मुलांना ते थांबून थांबून समजावतं. आजीकडून महाभारत ऐकलेलं पोर तिथे जांभया देतं. उलट, ज्या पोराला इंग्रजीची भीती वाटते त्याच्यासाठी हीच गोष्ट उपयोगी: अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे इंग्रजी अडत नाही.

मराठीतून वाचायचं तर अनुवादात हॅरी पॉटर आहे. मंजुल प्रकाशनाच्या पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ला ‘परीस’ हा शब्द सापडणं म्हणजे अर्धा अनुवाद तिथेच जिंकला. लोखंडाचं सोनं करणारा दगड म्हटलं की कुठल्याही मराठी पोराला टीप द्यावी लागत नाही. आणि घराचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, वीझली कुटुंबाच्या घरातलं ते घड्याळ आठवा. ते वेळ दाखवत नाही. नऊ काटे, प्रत्येक माणसाचा एक, आणि कोण घरी, कोण कामावर, कोण जिवाच्या धोक्यात हे दाखवतं. प्रत्येक आईला हवं असलेलं घड्याळ. त्या मालिकेत शेकडो मंत्र आहेत, मला ते घड्याळ सगळ्यांत उजवं वाटतं.

मूळ मराठीत या वयासाठी जवळपास काहीच नाही, हे कबूल करावं लागतं. बालसाहित्य संपतं आणि मुलं थेट नारायण धारपांवर येतात. यायला हरकत नाही. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, म्हणजे व्हॅम्पायर आपल्याकडे ‘ट्वायलाइट’च्या कितीतरी आधी येऊन गेला आणि तो चमकत बिमकत नव्हता. मात्र ते लेखन मोठ्यांसाठीचं आहे, नववी-दहावीच्या आत देऊ नये. नव्या प्रतीची वाट बघण्यापेक्षा जुन्या वाचनालयात मागा.

आता खरेदी. मालिकेचं पहिलं पुस्तक घेण्याआधी मालिका पूर्ण झाली आहे का, ते बघा. वर दिलेल्यांत ‘फोर्थ विंग’ आणि मासबाईंची मालिका सोडली तर बाकी सगळ्यांची मुख्य गोष्ट संपलेली आहे. भाग क्रमांक पुष्कळदा मुखपृष्ठावर नसतो, तो आतल्या शीर्षकपानाशेजारी ‘याच लेखकाची पुस्तकं’ या यादीत सापडतो. वाचनालयातून घेणार असाल तर दुसरा भाग कपाटात आहे ना, याची खात्री करून मगच पहिला घ्या. मालिकांचा हरवतो तो नेहमी दुसरा.

किलोच्या भावाने इंग्रजी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात, तिथे या प्रकाराचा ढीग असतो. पानांच्या खालच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ किंवा ठिपका दिसला तर घाबरू नका. ती परदेशातल्या उरलेल्या मालाची खूण असते, पुस्तक अस्सल असतं. अडचण वेगळीच: तिथे तिसरा भाग असतो, पहिला नसतो.

फुटपाथवरची शंभर-दीडशेची प्रत बहुधा नकली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, जुळतो म्हणून खरी समजू नका, तोही मुखपृष्ठाबरोबर नकलून घेतलेला असतो. खऱ्या प्रतीत मुखपृष्ठावरची उठावाची अक्षरं बोटाला लागतात, नकलेत ती सपाट असतात. आतला मजकूर स्कॅन करून छापलेला असल्याने अक्षरं जाड आणि एखादं पान तिरकं. कागद इतका पातळ की मागच्या ओळी दिसतात. सगळ्यात मोठा धोका पानांचा. पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं, त्यामुळे गहाळ होतो तो आख्खा फॉर्म, नाहीतर एकच फॉर्म दोनदा लागतो. घेण्याआधी कोपऱ्यातले पानांचे आकडे अंगठ्याखालून भराभर सोडा. १७६ नंतर १९३ आलं की ठेवून द्या. चोरीच्या गोष्टीतली नेमकी ती सोळा पानं गेली तर किल्ल्यातून पोरं बाहेर कशी पडली, हे कधीच कळत नाही.

खऱ्या प्रतींनाही सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही. जाड पेपरबॅकची पाठ शिवलेली नसते, गरम गोंदाने चिकटवलेली असते. बेचाळीस अंशांत बंद गाडीच्या काचेखाली किंवा स्कूटीच्या डिकीत पुस्तक राहिलं की गोंद मऊ होऊन पाठ वाकडी होते. पुढे तो सुकून कडक होतो आणि मधोमध तडकतो. पाचशे पानांची पुस्तकं हमखास मधून सुटतात. नवं पुस्तक एकदम मधून उघडून दाबू नका. आधी पुढची वीस, मग मागची वीस, असं दोन्ही बाजूंनी पानं थोडी थोडी मोडत मध्यावर या. पानं सुटलीच तर सेलोटेप लावू नका, ती वर्षभरात पिवळी पडते आणि अक्षरं उचलते. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून बारीक ब्रशने पाठीच्या आतून पातळ हात द्या, सुटलेली पानं नीट ठोकून बसवा, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. वजनाला ‘ट्वायलाइट’चा चौथा भाग उत्तम, सातशेच्या वर पानं आहेत आणि दुसऱ्यांदा वाचायला तो सहसा कोणी मागत नाही.